महिनाअखेरचा माल

बोईसरच्या बाजारात महिन्याची तारीख कॅलेंडर न बघता कळते. सात ते दहा तारखेच्या दरम्यान तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यांचे पगार होतात, तेव्हा किराणा दुकानांपुढे उभं राहायला जागा नसते. वीसनंतर उधारीच्या वह्या उघडतात. आणि पंचवीस उलटली की पाठीला बॅग अडकवलेली, छातीवर कंपनीचं नाव मिरवणारी पोरं मोटरसायकलवरून फिरू लागतात. महिनाभर फोन न उचलणारी हीच पोरं त्या आठवड्यात दिवसातून दोनदा सलाम करून जातात. बाजारात या दिवसांना 'क्लोजिंग' म्हणतात. बाकीच्या महिन्यात निघत नाहीत तितके वादे सेल्समनच्या तोंडून या पाच-सहा दिवसांत निघतात. आणि अंगावर पडणारा माल बहुतेक याच दिवसांत दुकानात उतरतो. हे मी वह्या पाहून सांगते.

वह्या पाहण्याचं काम माझ्याकडे आपोआप आलं. मी पालघरला उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. सासर-माहेर दोन्ही बोईसरातच असल्यामुळे संध्याकाळी गाडीतून उतरले की आधी अब्बांच्या दुकानावर जाते. अब्बांची नजर मंदावली, भाई गल्ल्यावर अडकलेला, तेव्हा हिशेब माझ्याकडे. अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं. त्याच्या आणि एमआयडीसीच्या आधाराने हे गाव फुगत गेलं. कापड, रंग, औषधं, पोलाद असे नाना कारखाने आले आणि उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाकडचे कामगार एकेका खोलीत पाच-सहा जण राहू लागले. आमच्यासारखी दुकानं त्यांच्यावरच चालतात. पाच रुपयांचा बिस्किटपुडा, दहा रुपयांचं तेलाचं पाकीट, एक रुपयाची शॅम्पूची पुडी. नफा पैशांत मोजायचा. अशा दुकानात दहा-बारा हजारांचा माल अंगावर पडला म्हणजे काय, ते नोकरदार माणसाला चटकन समजत नाही. मला वहीमुळे समजलं.

अब्बांची वही उर्दूत आहे. उजवीकडून डावीकडे लिहिलेली, तारखेसकट, बारीक नस्तालीक अक्षरात. माल किती आला, पैसे किती दिले, यांच्या शेजारी एक तिसरा रकाना आहे आणि त्यात सेल्समन काय बोलून गेला ते लिहिलेलं असतं. 'फुटलेल्या बाटल्या पुढच्या मंगळवारी बदलून देतो म्हणाला.' 'बारा डझनांवर एक डझन फुकट, बिलात नाही, नंतर देणार.' मला हा रकाना फार आवडतो. पण एजन्सीवाल्यासमोर तो ठेवला तर तो हसतो. एक तर त्याला वाचता येत नाही, आणि दुसरं म्हणजे त्याच्यावर कोणाची सही नाही.

पूर्वी सगळं चांगलं होतं, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. माझ्या लहानपणीच साबणाचा एक प्रतिनिधी नव्या एजन्सीची ठेव म्हणून चार-पाच दुकानदारांकडून पैसे घेऊन गेला तो परत दिसलाच नाही. अब्बाही त्यात होते. पण त्याच काळात चहाच्या कंपनीचे एक गृहस्थ दर बुधवारी येत. तेव्हा डहाणूपर्यंत लोकल नव्हती, ती एप्रिल २०१३ मध्ये आली. विरारहून मोजक्या शटल सुटायच्या. एक गाडी चुकली की पुढचे काही तास गेले. तरी बुधवार चुकायचा नाही. ओले झालेले पुडे पुढच्या बुधवारी बदलतो म्हणाले की बदलत. अब्बा त्यांना फरिश्ता म्हणत. मला मात्र आता वाटतं की त्या माणसाच्या सचोटीइतकाच त्याच्या नोकरीचाही त्यात वाटा होता. ते कंपनीचे कायम नोकर होते. पगार कंपनी द्यायची, भविष्यनिर्वाह निधी कापला जायचा, आणि आमचं दुकान त्यांच्याकडे दहा-अकरा वर्षं होतं. पुढच्या बुधवारी पुन्हा याच तोंडाने याच दारात यायचं आहे, हे ठाऊक असलेला माणूस जपून बोलतो.

आज छातीवर कंपनीचं नाव असलेला मुलगा बहुधा कंपनीचा नसतो. तो एजन्सीवाल्याचा असतो, किंवा माणसं पुरवणाऱ्या तिसऱ्याच ठेकेदाराचा. कंपनीचा माणूस म्हणजे सेल्स ऑफिसर, म्हणजे 'साहेब'. तो महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी गाडीतून येतो आणि वर्ष-दोन वर्षांत त्याची बदली होते. मुलगा सहा महिने टिकला तरी खूप. त्यामुळे ज्याने तोंड दिलं तो जातो, ज्याच्या नावावर दिलं तो ओळख दाखवत नाही.

आता आमच्या प्रकरणाकडे येते. कंपनीचं आणि एजन्सीचं नाव घेत नाही. घेतलं तर लोक समजतील की तेवढी एकच कंपनी वाईट आहे.

मार्चचा शेवटचा आठवडा होता, म्हणजे महिन्याचं आणि वर्षाचंही क्लोजिंग. बिस्किटांच्या एजन्सीचा नवा मुलगा दुकानात आला. तो माझा विद्यार्थी निघाला. दहावीला माझ्या वर्गात होता, भूगोलाचे नकाशे सुरेख काढायचा. भाईला आनंद झाला. अपना बच्चा, मॅडमचा शागिर्द. मुलाने माल काढला तो साखर नसलेल्या, जास्त तंतू असलेल्या महागड्या बिस्किटांचा. बारा तास मशीनवर उभा राहून आलेला कामगार हे बिस्किट कशाला खाईल? भाईने तेच विचारलं. मुलगा म्हणाला, "भाईजान, इस बार ले लो. नहीं बिका तो मैं खुद उठा लूंगा." पंधरा खोकी, एकेक अकराशे चाळीस रुपयांचं, एकूण सतरा हजार शंभर. शिवाय दर्शनी फळीवर मांडल्याचे महिन्याला पाचशे रुपये, सहा महिने. शिवाय आधीच्या मालावरच्या योजनेचे बावीसशे साठ रुपये अडकले होते, तेही याच बिलानंतर सोडवून देतो म्हणाला. अब्बांनी तिसऱ्या रकान्यात सगळं लिहिलं.

सहा महिन्यांत चार खोकी खपली. त्यातली अर्धी तर मीच शाळेतल्या बाईंना विकली. अकरा खोकी राहिली. मुलगा जून-जुलैनंतर यायचा बंद झाला. त्याच्या जागी आलेला म्हणाला, मला काही माहीत नाही. साहेबांची नाशिककडे बदली झालेली. पुड्यांवरची तारीख संपत आली होती. आणि तारीख संपलेला खाद्यपदार्थ विकला तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने जबाबदारी विकणाऱ्यावर येते, मुलगा काय म्हणाला होता ते तिथे कोणी विचारत नाही. म्हणजे विकायचा नाही, परतही जायचा नाही. अकरा खोक्यांचे बारा हजार पाचशे चाळीस, फळीचे तीन हजार, योजनेचे बावीसशे साठ, मिळून सतरा हजार आठशे रुपये.

मी एजन्सीच्या गोदामात गेले. गोदामवाले गृहस्थ वयस्क, सभ्य. त्यांनी चहा दिला आणि कपाट उघडून स्वतःची फाइल दाखवली. परत आलेल्या मालाचे, योजनांचे, फळीच्या पैशांचे त्यांचेच दावे कंपनीकडे अडकलेले. कागदांची एवढी चळत होती की माझे सतरा हजार आठशे सांगायची लाज वाटावी. "मॅडम, मुलगा माझा, पण टार्गेट माझं नाही," ते म्हणाले. कंपनीच्या दृष्टीने माल त्यांच्या गोदामात पडला की विक्री झाली. त्यांच्या दृष्टीने आमच्या दुकानात पडला की विक्री झाली. बिस्किट कोणी खाल्लं का, हे मोजणारा फक्त भाई.

पालघरच्या कोर्टात वकिली करणाऱ्या एका परिचित बाईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, १८७२ च्या करार कायद्यात एजन्सीवर अख्खं एक प्रकरण आहे. मुखत्याराला अधिकार आहे असं मालकाने आपल्या शब्दाने किंवा वागण्याने भासवलं असेल, तर त्याचा शब्द मालकाला बांधतो. कलम २३७. मुखत्याराने धंद्याच्या ओघात केलेल्या खोट्या सांगण्याचंही तसंच, कलम २३८. कंपनीच्या नावाचा शर्ट, कंपनीचं ॲप, कंपनीची बॅग देऊन मुलाला दारात पाठवणं म्हणजे भासवणंच नाही का? "मुद्दा बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "पण मालक कोण, एजन्सी की कंपनी? आणि मुलगा काय बोलला ते दाखवणार कशाने?" ग्राहक आयोगाकडे जाण्याचा रस्ताही बंद, कारण विकण्यासाठी माल घेणारा २०१९ च्या कायद्यात ग्राहक ठरत नाही. दिवाणी दावा लावावा, तर वकिलाची फी आणि फेऱ्या. सतरा हजार आठशेसाठी कोण लावतो? लहान दुकानदार दावा लावत नाही, हे साहेबांना पक्कं ठाऊक असतं.

तो मुलगा मला दिवाळीच्या सुट्टीनंतर बोईसर स्टेशनच्या पुलावर भेटला. मी गाडीतून उतरत होते, तो पालघरची गाडी पकडायला निघाला होता. एमआयडीसीत एका कारखान्यात पॅकिंगला लागला होता. मला पाहून त्याने मान खाली घातली, पण पळाला नाही. मी त्याला बाजूला घेतलं आणि सरळ विचारलं, परत उचलणार नाहीत हे तुला माहीत होतं का?

"माहीत होतं, मॅडम. साहेब बोले, तू हां बोल दे, आगे मैं देखता हूँ."

मग त्याने जे सांगितलं ते मी तिथेच उभी राहून ऐकलं. त्याची एक गाडी गेली. पगार अकरा हजार, पेट्रोल स्वतःचं. टार्गेट पूर्ण झालं तर तीन हजार वर. नव्व्याण्णव टक्के झालं तर एक पैसा नाही. रोज सकाळी व्हॉट्सॲपच्या गटात सगळ्यांची यादी पडायची, शेवटच्या तीन नावांपुढे लाल खूण. वसुलीत पाचशे कमी आले तर पगारातून कापायचे. नेमणुकीचा कागद? तो हसला. शर्ट मिळाला होता, त्याचेही पैसे कापले होते. सोडताना शेवटच्या महिन्याचा पगार राहिला तो राहिलाच. आमच्याखेरीज अजून नऊ दुकानांत त्याने तोच वादा केला होता आणि त्या सगळ्या गल्ल्या तो आता टाळून चालतो.

१९७६ साली औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींसाठी केंद्राने खास कायदा केला होता. पुढे इतर काही धंद्यांनाही तो लागू झाला. त्यात नेमणूकपत्र देण्याची सक्ती होती. हा कायदा आता नव्या कामगार संहितांमध्ये सामावला आहे. त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, आणि प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र हे त्यांतही आहे. १९७६ पासून आजवर ते पत्र आमच्या बाजारातल्या किती मुलांच्या खिशात पोहोचलं? मी विचारलेल्यांपैकी एकाच्याही नाही. तेही असो. मी त्या मुलाला सांगितलं की तू खोटं बोललास आणि ते खोटंच होतं, त्याला टार्गेटचं नाव देऊ नकोस. पण हेही मला दिसत होतं की त्या खोट्याचा नफा त्याच्या हाताला लागला नव्हता. मार्चचा आकडा साहेबांच्या नावावर चढला. मुलाला एका महिन्याचे तीन हजार मिळाले, आणि नंतर त्याहून जास्त गेले.

एक गोष्ट मात्र मला फार लागली. एजन्सीने त्याला आमच्या मोहल्ल्यातल्या दुकानांचं बीट दिलं होतं ते उगाच नव्हे. मुसलमान दुकानांवर मुसलमान पोरगा, गुजराती दुकानांवर गुजराती बोलणारा, भंडारी-वाडवळांच्या वस्तीकडे तिथलाच कोणी. आम्ही समजतो की आपला मुलगा कामाला लागला. एजन्सी समजते की जामीन फुकटात मिळाला. सलाम त्या मुलाचा, भरवसा आमचा, माल कंपनीचा. दुसरा कोणी असता तर भाईने पंधरा खोकी घेतलीच नसती. आणि वादा मोडल्यावर मोहल्ल्यात बदनाम कोण झालं? तो मुलगा, त्याचे वालिद आणि थोडीशी त्याची शाळा. "उर्दू शाळेची पोरं अशीच," हे वाक्य मी एका दुकानात स्वतःच्या कानांनी ऐकलं. म्हणणाराही उर्दू शाळेतच शिकलेला होता.

खोटं न बोलताही सेल्समन खोटा ठरतो, हेही सांगायला हवं. २०२१ च्या अखेरीस महाराष्ट्रातले वितरक मोठ्या कंपन्यांवर चिडले होते. तोच माल जिओमार्ट, उडान अशा ॲपवर दुकानदाराला वितरकापेक्षा स्वस्त मिळत होता. १ जानेवारी २०२२ पासून कोलगेटच्या काही टूथपेस्टचा पुरवठा थांबवण्यापर्यंत त्यांची मजल गेली. बातम्यांत वितरक आणि कंपन्या आल्या. आमच्या दुकानात मात्र शिव्या बसल्या त्या सेल्समनला. "तू आम्हाला एवढी वर्षं लुटत होतास," असं भाई एका जुन्या मुलाला म्हणाला. त्या बिचाऱ्याने हातातल्या यंत्रावरचा भाव दाखवला. तो खराच होता. ॲपवरचा भावही खराच होता. कंपनी दोन तोंडांनी दोन भाव सांगत होती आणि समोर उभं राहायला एकच तोंड होतं.

बिस्किटांचं पुढे असं झालं. मी मराठीत एक पत्र लिहिलं, अब्बांच्या वहीतल्या त्या पानाचा तर्जुमा सोबत जोडला, बिल जोडलं, अकरा खोक्यांचा तारखा दिसतील असा फोटो जोडला आणि एजन्सी व कंपनीचं मुंबईचं ऑफिस दोघांनाही रजिस्टर पोस्टाने पाठवलं. दोन महिन्यांनी खोक्यांच्या निम्म्या किमतीची, सहा हजार दोनशे सत्तर रुपयांची क्रेडिट नोट आली. फळीचे आणि योजनेचे नाहीत. अकरा हजार पाचशे तीस रुपये गेले. आमच्याकडे बिस्किटांवर दहा टक्क्यांच्या आसपास सुटतात. म्हणजे तेवढे भरून काढायला एक लाख पंधरा हजारांहून जास्त विक्री हवी, आणि तीही पाच-पाच रुपयांच्या पुड्यांची. किती पुडे होतात, ते वर्गात मुलांना गणित म्हणून घातलं होतं. उत्तर आल्यावर वर्ग गप्प झाला. त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी दुकानच आहे.

त्यानंतर मी पालघरहून कार्बन लावायचं पावतीपुस्तक आणलं. बिलापलीकडे सेल्समन जे काही कबूल करेल ते मराठीत त्यावर लिहायचं. माल परत घेण्याची मुदत, योजना कधी मिळणार, फळीचे पैसे कोण देणार. खाली मुलाचं नाव आणि सही, एजन्सीचा शिक्का, साहेबांचा मोबाइल. मुलाला शिक्का मिळत नसेल तर तोच मजकूर भाई एजन्सीच्या नंबरवर व्हॉट्सॲपने पाठवतो आणि उत्तरात 'हो' आल्याशिवाय माल उतरवून घेत नाही. वसुलीचे पैसे रोख द्यायचे नाहीत, थेट एजन्सीच्या खात्यात.

अब्बांना हे पटायला वेळ लागला. सही मागणं म्हणजे समोरच्यावर शक घेणं, असं त्यांचं म्हणणं. विशेषतः आपल्यातल्या मुलाकडे मागणं. मी त्यांना सूरह बकराच्या २८२ व्या आयतीची आठवण दिली. कुरआनातली ही सर्वांत लांब आयत आहे आणि ती उधारीचा व्यवहार मुदतीसकट, साक्षीदारांसकट लिहून ठेवण्याबद्दल आहे. ती ईमानवाल्यांनाच उद्देशून आहे, म्हणजे आपसातल्या व्यवहारालाही लागू. अब्बा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "लिहिण्याचं मी पहिल्यापासून करतोच आहे. साक्षीदार तेवढा राहिला." आता पावतीवर साक्षीदार म्हणून त्यांचीच सही असते, उर्दूत.

पहिल्या महिन्यात सात सेल्समनपैकी चौघांनी सही केली. दोघे 'नंतर करतो' म्हणून गेले आणि त्यांचा क्लोजिंगचा आग्रह आपोआप कमी झाला. एकजण चिडला, इतकी वर्षं येतो, विश्वास नाही का म्हणाला, आणि महिनाभर आलाच नाही. त्याची कंपनी मोठी, साबण चालणारा. भाई कासावीस झाला. गिऱ्हाईक परत जात होतं. त्या महिनाभर आम्ही तो साबण घाऊक बाजारातून चढ्या भावाने आणला. शेवटी तो मुलगा आला, पण सही न करता. त्याच्याशी आता फक्त बिलातल्या मालाचा व्यवहार आहे, तोंडी काही नाही. दोन्ही बाजूंनी थोडं कोरडं वाटतं, पण चालतं.

गेल्या महिन्याच्या सत्तावीस तारखेला बिस्किटांचा नवा मुलगा बारा खोक्यांची ऑर्डर घेऊन आला. भाईने पावती पुढे केली. मुलाने ती वाचली, पुन्हा वाचली आणि साहेबांना फोन लावला. संध्याकाळी साहेब स्वतः आले. 'न खपलेला सर्व माल परत' ही ओळ त्यांनी खोडली, 'मुदत संपण्याच्या तीस दिवस आधी कळवल्यास निम्मा माल बदलून' असं लिहिलं आणि सही केली. भाईने बारांऐवजी चार खोकी घेतली. साहेब गाडीत जाऊन बसल्यावर मुलगा परत आत आला आणि म्हणाला, मॅडम, एक कोरं पान मिळेल का? दुकानदारांना मी काय सांगायचं ते साहेबांकडून आधी लिहून घेतो.

मी त्याला कार्बनसकट दोन पानं दिली. त्याच्या पानावर साहेबांनी अजून सही केलेली नाही.